घर सोडण्याचा प्रसंग

"सायलेन्स!" हॉलमधून आवाज आला आणि मागच्या खोलीतला पंखा बंद झाला.

सुझानाने पलंगावर पडलेल्या नवऱ्याच्या, गिल्बर्टच्या कपाळावरचा घाम टिपला. पंख्याची घरघर माइकमध्ये येते, म्हणून प्रत्येक टेकच्या आधी तो बंद करावा लागे, खिडकीही लावून घ्यावी लागे. मागचं दार दिव्यांच्या पेट्यांनी अडलेलं होतं. पुढच्या दाराकडे जायचं तर हॉल ओलांडावा लागे, आणि कोलशेतच्या या जुन्या घराचा हॉल सध्या एका नव्या मालिकेतल्या इनामदारांचा दिवाणखाना झाला होता. येशूची तसबीर आणि मेणबत्त्या, सगळं आल्तार उचलून इथे ट्रंकेवर ठेवलं होतं. त्याच्या जागी हॉलमध्ये पितळी घंटेचा देव्हारा उभा होता.

घर द्यायला होकार दिला होता तो सुझानाने. अर्धांगवायूनंतर गिल्बर्टच्या तोंडून शब्द क्वचितच फुटत, त्यामुळे त्याला विचारायचं तिने टाळलं होतं. मालिकांचं तिला वेड होतं; कुठल्याही नव्या मालिकेचे दोन भाग पाहिले की त्यातलं कोण टिकेल आणि कोण नाही, हे ती सांगून टाके, आणि आळीतल्या बायका ते मानत. आता तर दिग्दर्शक सलिल तिच्याच पलंगाच्या पायथ्याशी मॉनिटर ठेवून बसला होता.

"कशी वाटते आमची मंडळी, मावशी?" त्याने सकाळी विचारलं होतं.

"सासू झालीय ती चांगली आहे. ओरडते, पण डोळे ओले ठेवून ओरडते. हिरोचा सगळा जीव त्याच्या केसांत." सुझाना जरा थांबली होती. "आणि तुमची नायिका रडते छान, पण घर सोडताना अशी ताठ काय जाते? बाई मागं बघते रे. एकदा तरी बघतेच."

सलिल हसला होता, पण त्याने ते ऐकलं होतं. तेव्हापासून नायिका बॅग उचलून कितीदा तरी घराबाहेर गेली होती, प्रत्येक वेळी वळून पाहत होती, आणि 'कट' ऐकून पुन्हा आत येत होती.

आताही मॉनिटरवर तिने दार उघडलं. अंगणापलीकडचं गेट दिसलं, आणि सुझानाचा हात गिल्बर्टच्या कपाळावरच थबकला. गेटबाहेर क्रिस्टीना उभी होती.

आज शूटिंगला सुट्टी आहे असं कळल्यावर सुझानाने मुलीला बोलावून घेतलं होतं, गिल्बर्टला न सांगता. आणि सकाळी अचानक गाड्या येऊन उभ्या राहिल्या. शूटिंगसाठी सगळ्यांचे फोन बंद करायला लावले, मग निरोप द्यायचं राहून गेलं. क्रिस्टीनाने डोंबिवलीच्या साईनाथशी लग्न केलं, त्या दिवशी गिल्बर्ट म्हणाला होता, "देव्हाऱ्यापुढे हात जोडणार ना? मग या दारात पाय ठेवायचा नाय." चार वर्षांत तिने तो ठेवला नव्हता.

मॉनिटरवर नायिका वळून घराकडे पाहत होती. तिच्या खांद्यामागे क्रिस्टीनाही घराकडेच पाहत होती. सुझानाने हळूच नवऱ्याकडे नजर वळवली. तोही मॉनिटरकडे पाहत होता. त्याचे ओठ हलत होते.

"तिला..." घोगरा, ओढलेला आवाज खोलीभर झाला. "तिला आत घे."

"कट! कोण बोललं?" सलिल मागे वळला आणि गिल्बर्टला पाहून त्याचा चेहरा निवळला. "काका, तिला आत घेऊन कसं चालेल? आज ती घर सोडते. परत यायला तिला दीडशे भाग लागतील." मग वॉकी-टॉकी तोंडाशी नेऊन तो म्हणाला, "गेटवर कोण बाई आहेत? फ्रेममध्ये येताहेत. बाजूला घ्या."

मॉनिटरच्या कडेने खाकी बाहीचा एक हात आत आला. क्रिस्टीना काहीतरी सांगत होती. मग ती दिसेनाशी झाली. गिल्बर्टचे डोळे चौकटीच्या त्या कोपऱ्यातच राहिले. त्याच्या धड हाताने सुझानाची बाही पकडली आणि पुढे ढकलली.

"साउंड?"

"रोलिंग."

सुझाना उठली. मालिकेचा भाग संपायच्या आत ती आजवर कधी उठली नव्हती.

"मावशी, अहो, टेक चालू आहे!"

हॉलमधल्या दिव्यांनी तिचे डोळे दिपले. दारापाशी नायिका बॅग घेऊन आपल्या खुणेवर उभी होती. "काय झालं?" तिने ओठांतल्या ओठांत विचारलं.

"जरा सरक, बाय. माझी पोर बाहेर आहे."

नायिका भिंतीला चिकटून उभी राहिली. सुझानाने दार उघडून हाक मारली. कुंपणाच्या आडून क्रिस्टीना आली, आडवा धरलेला खाकी हात बाजूला सारून अंगणात शिरली, आणि उंबऱ्यापाशी तिने सवयीने चपला काढल्या. एक पाय उचलला. तेवढ्यात आईच्या खांद्यावरून तिची नजर आत गेली. येशूची तसबीर होती त्या जागी झेंडूच्या माळा होत्या, समई तेवत होती.

तिचा पाय उंबऱ्याअलीकडेच टेकला.

"मम्मी," ती हलक्या आवाजात म्हणाली, "डॅडीला चालतं हे?"

मागच्या खोलीतून सलिलचा आवाज आला, "चला, पुन्हा पहिल्यापासून. सगळे आपापल्या जागेवर."

उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना कुणीच हललं नाही.