दोन बोटं कागद

निजामाचं राज्य जाऊन चार वर्षं झाली होती. माझ्या फ्रेमच्या दुकानात शेगडीवर खळ शिजत होती. औरंगपुऱ्यात त्या आठवड्यात लांब फ्रेम मिळत नव्हती.

वकील व्यंकटरावांचं लाकडी ठशाचं जुनं जपानी चित्र मी शेवटी तयार फ्रेममध्ये बसवलं, कडेचा दोन बोटं कागद कापून. चित्रात साधा रस्ता होता. एक बाई धुणं धूत होती, मासेवाला टोपली घेऊन चालला होता. कुणाला कळणार होतं?

दुसऱ्या दिवशी माझी बायको भानुमती डबा घेऊन दुकानात आली.

"अवो, ही बाई काल धुणं धूत होती ना? आज उभी कशी?"

"दमली असंल. तू नाय का दमत?"

तिसऱ्या दिवशी मासेवाल्यानं टोपली खाली ठेवली होती. चौथ्या दिवशी सगळे कापलेल्या कडेशी जमले होते, आमच्याकडं पाठ करून.

"काय हरवलंय यांचं?" भानुमतीनं विचारलं.

"मला काय ठाव?"

आज वकीलसाहेब चित्र न्यायला येणार होते. मी रात्री काचेवर झाकलेला कागद काढला. सगळे वळले होते आणि माझ्याकडं बघत होते.

कापलेल्या पट्टीवर एक म्हातारी शेंगा सोलत बसली होती. ती पट्टी मी पहिल्याच दिवशी शेगडीत घातली होती.