पन्नास वर्षांपूर्वीचं नाटक

“नाटक पन्नास वर्षांपूर्वीचं आहे असं समजून करा,” तालमीत सरांनी फर्मान काढलं. “प्रयोगाला आमदारसाहेब येणार आहेत. त्यांना लागायला नको.”

नाटक आमच्याच गावाचं. दारात नळ असूनही लांबच्या विहिरीवरून पाणी आणणाऱ्या बाईचं. ती बाई मी.

“पन्नास वर्षांपूर्वी गावात नळ कुठं होता, सर?”

“मग नळ काढून टाकू.”

“आणि मी चिडायचं कशावर?”

“काळ नटांनी ठरवायचा नसतो, बाई.” सरांनी सेटवरचा नळ उपटला, माझं नळाचं वाक्य खोडलं आणि भिंतीवर एक पिवळं पडलेलं कॅलेंडर टांगलं.

प्रयोगाच्या दिवशी पडदा उघडायच्या आधी मी ते उतरवलं. माझ्या स्वयंपाकघरातलं आणून तिथं लावलं. यंदाचं, साहेबांनीच घरोघर वाटलेलं. वर त्यांचा हात जोडलेला मोठा फोटो. खाली तारखा. लोक दुधाचे खाडे मांडतात, तशा नळाला पाणी न आलेल्या दिवसांवर मी लाल फुल्या मारते. आदल्या दिवसापर्यंतची एकही तारीख मोकळी नव्हती.

पडदा उघडला. पहिल्या रांगेत बसलेले साहेब भिंतीवरच्या साहेबांकडे बघू लागले. विंगेतून सर हातवारे करत होते, मी तिकडे बघितलंच नाही. रिकामी कळशी कमरेवर घेऊन भिंतीपाशी गेले आणि आजच्या तारखेवर फुली मारली.

मग समोर वळून खोडलेलं वाक्य खणखणीत म्हटलं, “आजपण नळाला पाणी नाही.”