दोन चंद्रांचं वाळवंट

विज्ञानकथांची मुखपृष्ठं रंगवता रंगवता चित्रकाराचे केस पिकले. तांबडं वाळवंट, वर दोन चंद्र, खाली मुंगीएवढा माणूस. आणि चंद्र दोन म्हणून माणसाला सावल्याही दोन, ही त्याची खोड. एकदा त्या माणसाच्या जागी त्याने आपलाच लेक पाठमोरा उभा केला. पुस्तक छापून आलं आणि लेक घरातून जो गेला, तो गेलाच.

आता म्हातारा जुन्या रेकॉर्डच्या दुकानात रॉकची कव्हरं उपसत बसे. चित्रं काढणारे हात परके, पण वाळवंट तेच, चंद्र तेच, आणि दर कव्हरावर लेक आणखी लांब.

"काका, सगळे एकमेकांची नक्कल करतात हो," दुकानदार हसला.

"डावा खांदा पाडून उभं राहायची माझ्या लेकाची ढबसुद्धा?"

हातातल्या कव्हरावर लेक नुसता ठिपका उरला होता. म्हातारा कळवळला, "थांब रे बाळा! मी येतो, येतोच!"

त्याने पुढचं कव्हर ओढलं. लेक इकडे तोंड करून उभा होता.

"थांबला! बघ, माझ्यासाठी थांबला!"

दुकानदाराची नजर मात्र म्हाताऱ्याच्या पायांशी खिळली होती.

"काका," तो पुटपुटला, "दुकानात दिवा तर एकच आहे ना?"