हलवलेली खुर्ची

“माझी खुर्ची का हलवलीस? चक्रम कुठली! ठेव परत!”

घरच्यांना जरा उसंत मिळावी म्हणून अधूनमधून या देखभाल केंद्रात राहायला येणारा चाळिशीतला स्वमग्न दादा नेमका सरकारी तपासणीवाल्या बाईंसमोर तिथल्या सांभाळणाऱ्या मावशीवर उखडला होता. आवरायच्या नादात खुर्ची तिनेच सरकवली होती.

“ठेवली रे बाबा, ठेवली!” मग हळूच बाईंना म्हणाली, “एरवी गुणी आहे हो तो. केंद्र बंद नका करू, याची आई मोडून पडेल.”

बाई हसून दुसऱ्या खुर्चीत टेकल्या. “सकाळीच एका केंद्राला टाळं ठोकून आलेय. तिथे सगळेच गुणी होते. तहान लागली तरी पेल्याला हात लावायच्या आधी तिथल्या मावशीच्या तोंडाकडे बघायचे.”