जाईची छाटणी

बाळांनो, डोळे मिटा आणि मळमड्डी नावाच्या वस्तीतलं शंभर वर्षांपूर्वीचं एक अंगण बघा. बाळाचार्य जाईचा वेल कापताहेत, शेजारी सहा वर्षांची नात वेणू रुसून उभी आहे.

"अज्जा, तोडताय का हो?"

"वेडाबाई, तोडत नाही, छाटतोय. तोडलं की संपतं. छाटून पाणी घातलं की दुपटीनं फुटतं. मग तुझ्या अक्काला गजऱ्याला फुलं नकोत?"

पुढच्याच महिन्यात सोळा वर्षांची अक्का विधवा होऊन माहेरी आली. रीतीप्रमाणे अज्जांनीच न्हाव्याला बोलावलं.

"अज्जा, अक्काचे केस तोडले की छाटले?"




वेणूनं वेलाला पाणी घालायचा तांब्या भरून आणला आणि अक्काच्या डोक्यावर हळूहळू पाणी घालायला लागली.