सरसकट एक जून

शाझिया मिरजेच्या एका हॉस्पिटलात पेशंटच्या नोंदी सांभाळायची. नव्या सिस्टिममध्ये एका माणसाच्या दोन नोंदी नकोत, असा वरून आदेश होता. नाव, गाव आणि जन्मतारीख जुळली की माणूस एकच, असा नियम तिनंच ठरवला. सकाळी बसून तिनं जुळणाऱ्या सगळ्या जुन्या नोंदी उडवल्या, नव्या तेवढ्या ठेवल्या.

दुपारी खिडकीशी साळूबाई आल्या. त्यांचे मालक, लालासाहेब जाधव, वर ॲडमिट होते.

"त्यांची जन्मतारीख?"

"एक जून अठ्ठावन्न. आमच्या गावात समद्यांचीच एक जून हाय बघ. शाळंत घालताना मास्तरांनी सरसकट तीच लिवली."

शाझियाचा हात कीबोर्डवरच थांबला. "गावात लालासाहेब जाधव अजून कोणी आहेत?"

"हायत की, ह्यांच्याच वर्गातलं. गेल्या महिन्यात हितंच आलं हुतं. त्यांना पेनिसिलिन चालतंय, आमच्या ह्यांना न्हाई. दोन वर्सामागं मरता मरता वाचलं. तवा तुमीच लाल अक्षरात लिवून ठिवलंय न्हवं?"

तेवढ्यात वॉर्डातून सिस्टरचा फोन आला.


"शाझिया, लालासाहेब जाधवांना पेनिसिलिन दिलंय. तेवढी नोंद करून घे."