अकरा पानी अर्ज

विधी महाविद्यालयाच्या त्या खोलीत बारा वर्षांची एक मुलगी वडिलांची बाही धरून उभी होती. निर्दोष कैद्यांच्या केसेस पुन्हा तपासणाऱ्या विद्यार्थ्यांनी तिच्या वडिलांना, शेडगेंना, नऊ वर्षांच्या तुरुंगवासातून सोडवलं होतं. माझे बाबा, पेशानं शाळामास्तर, शेडगेंच्याच बराकीत होते, तेवढेच निर्दोष. मार्चमध्ये ते तुरुंगातच वारले. चाळिशीत मला त्या पोरीचा इतका हेवा वाटला की हातातला पेढा खाववेना.

"निदान त्यांच्या नावावरचा डाग तरी पुसा," म्हणत मी बाबांचे कागद पुढे केले.

"ताई, कैदी हयात नसेल तर आम्ही केस घेत नाही," विद्यार्थिनी म्हणाली. "आणि त्यांचा अर्ज कधी आलाच नाही. शेडगेकाकांचा अकरा पानी होता, इतका मुद्देसूद की आम्ही तोच आधी घेतला." तिने फाइल उघडून दाखवली.

अक्षर बाबांचं होतं.

"मला कुठं लिवता येतंय," शेडगे म्हणाले. "मास्तरांनीच लिवला. म्हनले, आधी तुझं होऊ दे, तुझी पोर लहान हाय. माझी मोठी हाय, शिकलेली हाय, तिचं काय अडत न्हाई माझ्यावाचून."

मला बाबांचं महिन्याला एक पोस्टकार्ड यायचं, चार ओळींचं. ती अकरा पानं मी उभ्यानंच वाचली. शेवटी त्यांनी लिहिलं होतं, 'माझ्या मुलीला बाप हवा आहे.'

ते शेडगेंच्या पोरीबद्दल होतं.